रानातील केबिनपर्यंतची स्नोशू भटकंती

हिवाळ्यात साचलेल्या खोल बर्फावरून स्नोशू (बुटाखाली बांधायची रुंद, जाळीदार किंवा सपाट चौकट) घालून रस्त्यापासून दूर असलेल्या रानातील केबिनपर्यंत चालत जाणे, तिथे शेगडीपाशी विसावणे आणि अंधार पडण्याआधी परतणे, असा या एकदिवसीय भटकंतीचा साधा आराखडा असतो. कॅनडा, अमेरिकेतील थंड व डोंगराळ राज्ये, नॉर्वे आणि आल्प्स या भागांत ती चांगली रुजली आहे. स्कीइंगला लागणारे कौशल्य तिला लागत नाही. ज्याला चालता येते, त्याला ती पहिल्याच दिवशी जमते. मात्र या सोपेपणामुळेच वेळेचा अंदाज चुकतो आणि पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे असते.

स्नोशू शरीराचे वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरवतो, त्यामुळे पाय कमी रुततो. अजिबात रुतत नाही असे मात्र नाही. ताज्या, भुसभुशीत बर्फात स्नोशू घालूनही पाय घोट्याच्या वर जातो. हे साधन फार जुने आहे. इटली-ऑस्ट्रिया सीमेवरील गुर्गलर आयसयोख हिमनदीवर २००३ मध्ये सापडलेला बर्च लाकडाचा स्नोशू इ. स. पू. ३८०० ते ३७०० या काळातील ठरला. उत्तर अमेरिकेतील क्री, ओजिब्वे आदी मूलनिवासी समाजांनी मात्र त्याला खरे कलारूप दिले. वाफवून वाकवलेली लाकडी चौकट आणि तीत कच्च्या कातड्याच्या वादीची जाळी, अशी त्यांची बांधणी असे. दाट जंगलासाठी आखूड व गोल, मोकळ्या मैदानासाठी लांब व निमुळती. आज ॲल्युमिनियम व प्लॅस्टिकने ती जागा घेतली असली, तरी तत्त्व तेच आहे. बूट फक्त चवड्यापाशी बांधलेला असतो आणि टाच मोकळी राहते. पाय उचलला की स्नोशूचा मागचा भाग खाली झुकतो आणि वर साचलेला बर्फ घसरून पडतो. चवड्याखालचे धातूचे दात कडक बर्फात रुततात. अनेक स्नोशूंना टाचेखाली उभी करता येणारी दांडी असते. तीव्र चढावर ती वर केली की पोटरीवरचा ताण कमी होतो.

केबिन किती दूर आहे, हे उन्हाळ्याच्या नकाशावरून ठरवू नये. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या व्हाइट माउंटन्समधील झीलंड फॉल्स हट (डोंगरातील निवारा) याचे उत्तम उदाहरण आहे. ॲपलाशियन माउंटन क्लबची ही हट हिवाळ्यातही उघडी असते. उन्हाळ्यात तिथे पोहोचायला सुमारे साडेचार किलोमीटर चालावे लागते. हिवाळ्यात झीलंड रोड वाहनांना बंद असतो, त्यामुळे एका बाजूचे अंतर दहा किलोमीटरच्या वर जाते. त्यात बर्फ ताजा असेल, तर पुढच्या माणसाला वाट पाडत जावे लागते. हे काम इतके थकवणारे आहे की अनुभवी गट दर काही मिनिटांनी पुढचा माणूस बदलतात. अशा वेळी ताशी दोन किलोमीटरचा वेगही जड जातो. म्हणून निघण्याआधीच परत फिरण्याची वेळ ठरवावी, आणि केबिन दिसली नाही तरी ती पाळावी.

ओटावाजवळच्या गॅटिनो पार्कमध्ये दिवसभराच्या भटकंतीसाठी आखलेली व्यवस्था आहे. नॅशनल कॅपिटल कमिशनच्या या उद्यानात ह्यूरन, वेस्टर्न, हीली, कीओगन अशा केबिन असून त्यांत लाकडांवर चालणाऱ्या शेगड्या व टेबले असतात. वाटांसाठी हिवाळी पास घ्यावा लागतो. स्नोशूच्या वाटा वेगळ्या आखलेल्या आहेत. स्कीसाठी दाबून तयार केलेल्या पट्ट्यावरून चालणे चूक मानले जाते, कारण एका गटाच्या पावलांनी तो पट्टा बिघडतो. डिसेंबरच्या अखेरीस इथे संध्याकाळी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा कपाळाला बांधायची बॅटरी हवीच.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्क्वामिशजवळच्या गॅरिबाल्डी उद्यानात निवड अधिक कठीण होते. वाटेच्या सुरुवातीपासून पाच किलोमीटरवर रेड हेदर हे फक्त दिवसा वापरायचे निवारास्थान आहे. एल्फिन लेक्सची मुक्कामाची हट अकरा किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन बावीस. रेड हेदरपर्यंत जाऊन परतणे ही पूर्ण सहलच समजावी. त्यापुढे झाडी संपते, धुक्यात वाट हरवते आणि काही उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. त्यांच्या पायथ्याशी चालणाराही सुरक्षित नसतो. अशा भागात जाण्यापूर्वी त्या दिवसाचे हिमस्खलन-अनुमान वाचणे आवश्यक असते, आणि प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारे रेडिओयंत्र), बर्फात खुपसायची शोधकाठी व फावडे असून त्यांचा सराव केलेला असावा लागतो.

थंडीपेक्षा घाम घातक ठरतो. चढावर भिजलेले आतले कपडे थांबताच अंगातील उष्णता खेचून घेतात. म्हणून निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत; सुती कपडे तर घालूच नयेत. केबिनमध्ये शिरताच आधी कोरडा सदरा घालावा आणि हातमोजे शेगडीजवळ टांगावेत, मग डबा उघडावा. दारातच बूट झटकले नाहीत, तर आत आलेला बर्फ वितळून फरशीवर पाणी साचते आणि नंतर येणाऱ्यांचे पायमोजे भिजतात. निघताना बारीक ढलप्या फोडून शेगडीशेजारी ठेवण्याचा रिवाज आहे, कारण नंतर येणाऱ्याचे हात गारठलेले असतात आणि त्याला आग लवकर पेटवायची असते.

परतताना स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या कोवळ्या रोपांपासून दूर राहावे. बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या या झाडांच्या फांद्यांभोवती पोकळी राहते. तिच्यावर पाय पडला, तर माणूस कमरेपर्यंत खाली जातो आणि स्नोशू फांद्यांत अडकतो. तेव्हा ओढून उपयोग नसतो. वाकून आधी पट्टा सोडवावा लागतो. मार्चमध्ये दिवस मोठा होतो, पण सकाळी टणक असलेला बर्फ दुपारी उन्हाने लगद्यासारखा होतो, म्हणून त्या महिन्यात पहाटे निघून दुपारच्या आत उतरणे सोयीचे ठरते.