फ्लॅश मोफत होतं, मुक्त नव्हतं

ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि खेळ चालवणारा फ्लॅश प्लेयर डाउनलोड करायला कधी एक पैसा लागला नाही. त्यामुळे फ्लॅश आणि एचटीएमएल५ (वेबपानं बनवायच्या भाषेची नवी आवृत्ती) म्हणजे एकाच कामाचं जुनं आणि नवं साधन, असा समज पक्का झालाय. पण फ्लॅश गेलं ते म्हातारं होऊन नव्हे, मालकाने बंद केलं म्हणून.

एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या तयार फाइलची रचना कंपनीने जाहीर केलेली होती, पण २००८ पर्यंत ती वाचून स्वतःचा प्लेयर बनवायला परवान्यातच मनाई होती. त्यामुळे चालवणारा एकच: आधी मॅक्रोमीडिया, मग अडोबी. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरच फाइल चालवायला नकार देऊ लागला. फाइल जागेवर, प्लेयर जागेवर, पडद्यावर काही नाही. एचटीएमएल (पानाची रचना), सीएसएस (पानाचं रूप), एसव्हीजी (रेषाचित्रं) यांची मानकं उघडी आहेत. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ती आपापल्या इंजिनात उतरवतात. एकाने हात वर केले तरी पान दुसऱ्यात उघडतं.

एक साधं बटण घेऊ. फ्लॅशमध्ये त्याला चार फ्रेम असायच्या: अप, ओव्हर, डाउन, हिट. हिट फ्रेममध्ये क्लिक लागायची जागा आखायची. नुसत्या अक्षरांचं बटण करून हिट रिकामी सोडली, की क्लिक फक्त अक्षरांच्या रेघांवर लागे आणि मधल्या फटीत कर्सर आला की बटण फडफडे. एचटीएमएलच्या बटण टॅगला पॅडिंग (अक्षरांभोवतीची मोकळी जागा) दिलं की तेवढी जागा आपोआप क्लिकची होते. टॅब की आणि स्क्रीन रीडरही फुकटात चालतात.

कॅन्व्हास, म्हणजे स्क्रिप्टने चित्र काढायचा एचटीएमएल५ मधला चौकोन, मात्र मुक्त असूनही आंधळा आहे. त्यावर काढलेलं ‘पुढे जा’ म्हणजे नुसते पिक्सेल. ते निवडता येत नाही, शोधता येत नाही. मजकूर, नकाशे, आलेख यांना एसव्हीजी घ्या, खेळांना कॅन्व्हास. फ्लॅशवरून येणारे कॅन्व्हासवर तीन ठिकाणी हमखास अडकतात.

चित्र धूसर दिसतं. कॅन्व्हासचं मूळ माप ३०० बाय १५० असतं आणि सीएसएसने रुंदी वाढवली की तेच चित्र ताणलं जातं. स्क्रीनचं पिक्सेल गुणोत्तर २ असेल (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे दोन) आणि कॅन्व्हास ३०० रुंद दाखवायचा असेल, तर विड्थ अ‍ॅट्रिब्यूट ६०० ठेवा, सीएसएसमध्ये ३००, आणि चित्र काढण्याआधी स्केल २ करा. उंचीलाही हाच हिशोब.

वेग बदलतो. फ्लॅशमध्ये फ्रेम रेट फाइलमध्येच ठरायचा. इथे रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम (पुढची फ्रेम काढायला ब्राउझरने द्यायची हाक) स्क्रीनच्या गतीने चालतं. दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकणारा चेंडू ६० हर्ट्झवर सेकंदाला ३०० पिक्सेल जातो, १२० हर्ट्झच्या फोनवर ६००. म्हणून फ्रेम मोजू नका. मागच्या फ्रेमपासून गेलेल्या सेकंदांना ३०० ने गुणा आणि चेंडू तेवढे पिक्सेल सरकवा.

आवाज येत नाही. पान उघडताच आवाज वाजवायला ब्राउझर देत नाहीत, त्यामुळे ऑडिओकॉन्टेक्स्ट, म्हणजे आवाज वाजवणारा भाग, थांबलेलाच राहतो. ‘सुरू करा’ बटणाच्या क्लिकमध्येच रिझ्युम बोलवा.

आणखी एक घोटाळा होतो तो साधन आणि फाइल यांत. अडोबी अ‍ॅनिमेट हे अ‍ॅनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचंच आहे, पण त्यातून एचटीएमएल५ कॅन्व्हासची फाइल निघते आणि ती कुठेही चालते. मालकीचं हत्यार परवडतं, मालकीचा साचा नाही. मात्र जुनी एफएलए (फ्लॅशची मूळ, बदलता येणारी फाइल) कॅन्व्हासमध्ये वळवली की टाइमलाइन आणि चित्रं येतात, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) नुसती कॉमेंट होऊन पडते, चालत नाही. ती जावास्क्रिप्टमध्ये हाताने लिहायची. दोन्ही भाषांचं घराणं एकच, ईसीएमएस्क्रिप्ट, त्यामुळे वाचताना अडत नाही.

एफएलए हरवून फक्त एसडब्ल्यूएफ हाती असेल तर रफल हा मुक्त स्रोत एम्युलेटर, म्हणजे फ्लॅश प्लेयरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, बघा. त्याच्या फाइली सर्व्हरवर ठेवायच्या, पानात एक स्क्रिप्ट टॅग टाकायचा, जुना एम्बेड टॅग तसाच राहू द्यायचा. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट १ आणि २ च्या फाइली बहुतेक धावतात, ३ च्या मोठ्या फाइलींना आधी तपासून बघा. पान डबलक्लिक करून उघडलंत तर काही दिसणार नाही: रफलची वॅसम फाइल, म्हणजे ब्राउझरमध्ये धावणारा त्याचा प्रोग्रॅम, सर्व्हरवरूनच यावी लागते, तीही योग्य माइम टाइपसह, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची ते सांगणाऱ्या खुणेसह.