फायबर फ्लेअर (घरगुती)

फायबर फ्लेअर म्हणजे मोटारीच्या मडगार्डच्या कमानीवर बाहेरून बसवलेली काचतंतू आणि रेझिनची रुंद पट्टी. मूळ मापापेक्षा रुंद रिम-टायर लावले की चाक बॉडीबाहेर येते. ते झाकायचे आणि चिखल-खडी दारांवर उडू द्यायची नाही, हे फ्लेअरचे काम. अशा रुंद केलेल्या गाडीला वाइडबॉडी म्हणतात. साहित्य दुर्मीळ नाही. फायबरची कूलर-बॉडी किंवा टाकी दुरुस्त करणाऱ्याकडे मॅट (काचतंतूंची चादर), रेझिन, हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) हे सगळे असतेच.

खरा कस आकारात लागतो. आधी चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडी खाली दाबून टायर कुठे घासतो ते पाहावे. मग पत्र्यावर मास्किंग टेप व फॉइल लावून, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) फोमचे तुकडे चिकटवून पॉलिश पेपरने कमान घडवतात. थर्माकोल येथे चालत नाही. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन तो विरघळवून टाकते. डावीकडच्या कमानीचा पुठ्ठ्याचा फर्मा कापून तोच उलटा करून उजवीकडे लावला, तरच दोन्ही बाजू सारख्या येतात. नजरेच्या अंदाजावर विसंबलेली गाडी समोरून पाहताक्षणी वाकडी दिसते.

तयार आकारावर मेण चोपडून 450 ग्रॅम प्रति चौ. मी. वजनाची चॉप्ड (आखूड तंतूंची) मॅट रेझिनने बसवतात. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे विस्कटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. रेझिन मुरले की पांढरी मॅट पारदर्शक होते. जिथे पांढरा डाग उरला तिथे हवा अडकलेली असते, ती रोलरने बाहेर काढायची. तीन थरांत साधारण 3 मिमी जाडी मिळते. थर रबरासारखा झाला असतानाच कडा ब्लेडने छाटाव्यात. पूर्ण कडक झाल्यावर ग्राइंडरशिवाय इलाज नाही आणि मग काचेची धूळ अंगभर खाजते. शेवटी लांबी (पुट्टी), घासाई, प्रायमर आणि रंग.

खानदेशात मुख्य अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. हार्डनर एरवी रेझिनच्या 1 ते 2 टक्के घेतात, येथे उन्हाळ्यात 1 टक्क्याच्या आसपासच ठेवावा लागतो. नाहीतर मगातले मिश्रण ब्रश बुडवेपर्यंत तापून घट्ट होते. म्हणून काम पहाटे किंवा रात्री करावे आणि मिश्रण थोडे थोडे, पसरट भांड्यात कालवावे. पावसाळ्यात मॅट दमट राहिली तर थर नीट चिकटत नाहीत.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे द्रावण) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे, हार्डनर त्यानंतर. स्टायरीनच्या वाफांसाठी गॅस-फिल्टरचा मास्क लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही.

बसवताना मूळ कमान कापली असेल तर आतला व बाहेरचा पत्रा पुन्हा वेल्ड करून सीलंट भरावा. उघडी फट काळ्या मातीचा ओला चिखल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील बदलांवर बंधने घालते आणि 2019 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बेकायदा बदलाला मालकास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर पत्रा कापण्यापूर्वी आपल्या आरटीओकडे विचारणा करावी.