मीटर म्हणतो, दोन्ही सारखेच

माळा आवरताना एलईडीच्या आधीच्या काळातला, आत तार असलेला एक जुना पिवळा बल्ब सापडला. काचेवर १०० वॅट, २३० व्होल्ट असं पुसट छापलेलं. सहज म्हणून मल्टिमीटर ओहमवर (म्हणजे तारेचा विजेला होणारा अडथळा, रोध, मोजायला) ठेवून त्याच्या बुडाच्या दोन टिकल्यांना लावला, तर आकडा आला ४० च्या आसपास. मग न्हाणीघरातला पाणी तापवायचा रॉड आणला. १५०० वॅटचा. त्याच्या प्लगच्या दोन जाड पिनांना मीटर लावला (प्लग बोर्डातून काढूनच, चालू लाईनवर ओहम मोजायला गेलात तर मीटर जाईल, कदाचित तुम्हीही). आकडा आला ३५.

एकाने खोली उजळायची, दुसऱ्याने बादलीभर पाणी कढत करायचं. आणि मीटरच्या लेखी दोघे जवळजवळ जुळे!

हिशेब शाळेतलाच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, व्होल्टेजला करंटने गुणलं की वॅट. दोन आकडे हाती असले की उरलेले दोन काढता येतात. रॉडचे १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साधारण ६.५ अँपिअर. आता २३० भागिले ६.५ करा, ३५ ओहम येतात. मीटर खरं बोलला.

बल्बचं बघू. १०० भागिले २३०, म्हणजे ०.४३ अँपिअर. त्यावरून रोध निघतो सुमारे ५३० ओहम. मीटर म्हणतो ४०! उलट्या बाजूने गेलो तर गोंधळ वाढतोच. ४० ओहमला २३० व्होल्ट दिले तर पावणेसहा अँपिअर वाहतील, म्हणजे तेराशे वॅटच्या वर. शंभरच्या बल्बात तेराशे वॅट?

गंमत अशी की हेही खरंच आहे, पण सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरतं. बल्बातली तार टंगस्टनची. थंड असताना तिचा रोध कमी असतो, म्हणून बटण दाबल्याक्षणी करंटचा लोंढा आत शिरतो. त्याने तार तापते आणि तापली की तिचा रोध चढतो. अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत तो जवळपास तेरापट झालेला असतो आणि करंट ०.४३ वर येऊन स्थिरावतो. जुने बल्ब लावल्या लावल्या ‘टिक’ करून उडायचे ते पुष्कळदा या पहिल्या लोंढ्यातच. रॉडमधली तार नायक्रोमची, निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. तिचा रोध थंड काय नि गरम काय, फारसा हलत नाही, म्हणून तिथे मीटर आणि गणित जुळतात.

दहावीला आपण ओहमचा नियम (करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाहतो) घोकला तेव्हा सुरुवातीला एक अट होती, वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना. मार्क जाऊ नयेत म्हणून लिहायची ती ओळ. सगळी मेख त्याच ओळीत आहे. जर्मनीतल्या कलोनला शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली हा नियम पुस्तकरूपाने मांडला. त्याआधीच्या प्रयोगांत त्यांना बॅटऱ्यांनी छळलं होतं, त्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, एका जागी ठरेना. शेवटी दोन वेगळ्या धातूंचा जोड घेऊन, त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून त्यांनी स्थिर दाब मिळवला. नियमाची कदर व्हायला मात्र वेळ लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ले पदक त्यांना मिळालं ते १८४१ मध्ये.

रोध कायम असेल तर आणखी एक गोष्ट कळते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं की रॉडचा करंटही त्याच प्रमाणात उतरतो. दोन्ही घसरल्यामुळे गुणाकार दुप्पट मार खातो, आणि १५०० वॅटचा रॉड ९२० वॅटचा होतो. पंधरा लिटरची बादली वीसवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला एरवी सतराएक मिनिटं लागतात, आता अर्धा तास धरून चाला. बिल मात्र जवळजवळ तेवढंच, कारण पाण्याला लागणारी उष्णता काही कमी झालेली नाही. (पंखा किंवा पंपाला हा हिशेब लावू नका. मोटारीचं गणित वेगळं असतं.)

आमच्या न्हाणीघरातला बोर्ड एकदा जळाला, तेव्हा हे सगळं कामी आलं. रॉड ठणठणीत, वायर ठणठणीत, पण सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला कसा नाही, हा घरातल्यांचा प्रश्न. सॉकेट होतं लाईट पॉइंटचं, सहा अँपिअरचं. रॉड त्याहून जास्त ओढत होता. त्यात आतल्या पितळी पट्ट्या सैल झालेल्या. समजा त्या सैल जागी अर्धा ओहम रोध तयार झाला. ३५ च्या पुढे अर्धा म्हणजे काहीच नाही, करंट ६.५ चा ६.४ होतो. पण तो ६.४ अँपिअर त्या अर्ध्या ओहममधूनही जातो. तिथे ३.२ व्होल्ट पडतात, गुणाकार येतो वीस वॅट. सोल्डरिंगची छोटी आयर्न साधारण पंचवीस वॅटची असते. म्हणजे बोर्डाच्या आत, हरभऱ्याएवढ्या जागेत, रोज सकाळी जवळपास तशीच एक आयर्न पेटत होती. एमसीबीला फक्त करंट कळतो, आणि तो तर उलट किंचित कमीच झाला होता.

वायरमनने सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं, मागे जाड वायर ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी तापल्यावर बटण बंद करून मी प्लग काढला आणि पिनांना हात लावून पाहिला. जेमतेम कोमट होत्या.