कार्बनची नॅनोनळी मातीत कुजते का?

नॅनोनळी म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म पोकळ नळी; तिची भिंत म्हणजे कार्बन अणूंची षटकोनी जाळी. ती अखंड असेल, तर तिच्यापुढे ऊन आणि सूक्ष्मजीव दोघांचंही फारसं चालत नाही. तोडफोड सुरू होते ती जाळीतल्या उणिवांपासून: नळीचं टोक, तुटलेला बंध, किंवा आम्लाने शुद्ध करताना जोडले गेलेले कार्बॉक्सिल गट (ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी अणुगट). त्यामुळे 'किती वर्षांत कुजते' याला एकच आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उन्हाचं काम पाण्यात आणि मातीच्या अगदी वरच्या थरात चालतं. मिलिमीटरभर खाली जवळपास अंधारच असतो. नळीच्या भाऊबंदांचं उदाहरण घ्या. प्रकाश शोषलेला फुलरीन (कार्बन अणूंचा पोकळ गोळा) आपली ऊर्जा विरघळलेल्या ऑक्सिजनला देतो आणि त्यातून तयार झालेला आक्रमक सिंगलेट ऑक्सिजन फुलरीनवरच उलटतो. ग्राफीन ऑक्साइडचे (ऑक्सिजन जोडलेल्या, एका अणूच्या जाडीच्या कार्बन-पापुद्र्याचे) उन्हात बारीक तुकडे पडतात, थोडा कार्बन डायऑक्साइडही सुटतो.

अंधारात पाळी बुरशीची. लाकडातलं लिग्निन फोडणारी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम पेशीबाहेर पेरॉक्सिडेज विकरं (एन्झाइम) सोडते. या गटातली विकरं काय करू शकतात, हे 2008 मध्ये दिसलं. हॉर्सरॅडिश या वनस्पतीच्या मुळातल्या पेरॉक्सिडेजने, अगदी थोड्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साथीने, 4 अंश सेल्सिअसला काही आठवड्यांत नळ्या फोडल्या. पण त्या कार्बॉक्सिल लावलेल्या होत्या. कोऱ्या नळ्या फोडणं त्याला जमलं नाही. शिवाय लिग्निन फोडणारी ही बुरशी नळ्यांवर जगत नाही, तिला दुसरं खाद्य लागतं. नायट्रोजन मुबलक असेल तर ती ही विकरं बनवायचंच टाळते.

खरी कसोटी मोजमापाची. 1 टक्का सेंद्रिय कार्बन असलेल्या 1 ग्रॅम मातीत 10 मिलिग्रॅम कार्बन आधीच असतो. त्यात मिसळलेल्या नळ्यांचे 10 मायक्रोग्रॅम शोधणार कसे? म्हणून कार्बन-14 (किरणोत्सारी कार्बन) असलेल्या नळ्या वापरतात. बंद बरणीत सोडियम हायड्रॉक्साइडची वाटी ठेवून निघालेला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, त्याचा किरणोत्सार मोजायचा आणि मातीत उरलेलाही मोजायचा. बेरीज घातलेल्या मात्रेशी जुळली नाही, तर निष्कर्ष काढू नये. नळ्यांसोबत आलेला अस्फटिकी (नीट जाळी नसलेला) कार्बन आधी कुजतो; कार्बन डायऑक्साइडची सुरुवातीची उसळी बहुधा त्याचीच.

तुलनेसाठी अंधारातली आणि निर्जंतुक माती हवीच. मात्र उन्हातल्या प्रयोगात जंतू मारायला सोडियम अझाइड घालू नये. ते सिंगलेट ऑक्सिजनही गिळतं. मग घट थांबली ती जंतू मेल्यामुळे की प्रकाशाची अभिक्रिया दबल्यामुळे, हे वेगळं करता येत नाही. तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली माती बरी.