दिवा झेब्राच्या अलीकडे हवा

रस्त्यावरचा दिवा बंद पडला की तक्रार होते, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात. दिवा चालू असेल तर वर कोण बघतो? पण नाशिकमध्ये, आणि नाशिकच कशाला, कुठल्याही शहरात, रात्री रस्ता ओलांडणारा माणूस कित्येकदा चालू दिव्याजवळच गाडीवाल्याला दिसत नाही. दिवा किती वॅटचा हे त्यात दुय्यम, खांब कुठे रोवलाय हे महत्त्वाचं.

समजा, त्र्यंबक रोडवर रात्री नऊच्या सुमाराला सातपूरकडून एक मोटार येते आहे. पुढे झेब्राचे पट्टे आहेत आणि दिव्याचा खांब पट्ट्यांच्या पलीकडे, दहाएक मीटरवर. उजेड पलीकडच्या डांबरावर पडलाय. पट्ट्यांवरून चालणारी बाई त्या उजळलेल्या डांबरापुढे काळी आकृती म्हणून दिसते. इथवर ठीक, काळी का असेना, दिसते तरी. पण मोटार जवळ येते तसा हेडलाइटचा उजेड तिच्या अंगावर चढू लागतो. काळी आकृती करडी होते, आणि एका अंतरावर तिचा करडेपणा मागच्या रस्त्याच्या करडेपणाशी जुळतो. तेवढ्यापुरती ती चालकाच्या नजरेतून पुसली जाते. डोळा नुसता उजेड टिपत नाही, तो वस्तू आणि तिच्यामागची जागा यांतला फरक टिपतो. फरकच उरला नाही, तर समोर माणूस आहे हे कळणार कसं?

आता तोच खांब अलीकडे घ्या, म्हणजे गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या तीनेक मीटर आधी. उजेड बाईच्या समोरच्या अंगावर पडतो, मागचा रस्ता तुलनेने काळा राहतो. ती उजळ दिसते, आणि हेडलाइट पडला की आणखी उजळते. मध्ये लपण्याचा टप्पा येत नाही. अमेरिकेच्या फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशनच्या 2008 च्या अहवालात नेमकी हीच मांडणी सुचवली आहे, आणि सोबत एक आकडा दिलाय: पट्ट्यांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, उभ्या पातळीत 20 लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप). दुभाजक असलेल्या रस्त्याला त्यासाठी दोन दिवे लागतात, दोन्ही दिशांना एकेक.

या ‘उभ्या पातळीत’ सगळी मेख आहे. आपल्याकडच्या आयएस 1944 या मानकात रस्त्यांची प्रतवारी करून सरासरी उजेड ठरवून दिलाय: वेगवान, गर्दीच्या मुख्य रस्त्याला 30 लक्स, इतर मुख्य रस्त्यांना 15, दुय्यम रस्त्यांना 8, कमी वर्दळीच्या गल्ल्यांना 4. (पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सही जेमतेम असतो.) पण हे मोजायचं ते रस्त्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे मीटर डांबरावर आडवा ठेवून. माणूस काही डांबरावर आडवा नसतो. बरोबर दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्या-खांद्यांवर भरपूर उजेड असतो. चेहरा, छाती, साडीच्या निऱ्या अंधारात. कागदावर 30 लक्स भरले तरी चालकाच्या दिशेने त्या माणसावरून परतणारा उजेड नगण्य असू शकतो.

दोन खांबांच्या मधल्या जागेचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. खांब नऊ मीटर उंच, दोघांत तीस मीटर अंतर आणि दिवा सगळीकडे सारखा उजेड फेकणारा धरला, तर बरोबर मध्यावर दोन्ही दिव्यांचा मिळून उजेड खांबाखालच्या उजेडाच्या साधारण पाव पट भरतो. अंतरामुळे एक घट आणि उजेड तिरका पडतो म्हणून दुसरी. आता मधला एक दिवा गेला असं धरा. त्या खांबाखाली शेजारच्या दोन दिव्यांचा मिळून उजेड उरतो तो विसाव्या भागापेक्षाही कमी. चांगल्या दिव्यांच्या भिंगांमुळे उजेड बाजूला ढकलला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र थोडं बरं असतं. तरीही ‘एकच तर दिवा बंद आहे’ हे म्हणणं गणिताला धरून नाही.

खांबाचं झालं, आता डोळ्याचं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने एक तृतीयांशच उजेड पोचतो; बाहुली कमी उघडते आणि भिंग पिवळट होतं. वर समोरून अप्पर मारत येणारा किंवा चौकातला एलईडी फलक. तो प्रखर उजेड डोळ्यात विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर पांढुरका पडदा धरतो. प्रखर दिवा नजरेच्या रोखाला जितका जवळ, तितका त्रास अधिक: कोन निम्मा झाला की हा पडदा जवळजवळ चौपट दाट होतो. झेब्राच्या मागे झगझगीत फलक लावायला परवानगी देणाऱ्याने एकदा रात्री पावसात तिथून स्वतः गाडी चालवून बघावी. पावसात डांबरावर पाण्याचा थर चढला की रस्ता आरशासारखा वागतो, दिव्यांच्या लांब रेघा उमटतात आणि मधला भाग आणखी काळवंडतो.

गंगापूर रोडसारख्या ठिकाणी वेगळीच अडचण. जुनी झाडं ही या शहराची श्रीमंती, पण नऊ मीटरवरचा दिवा पानांच्या वर आणि फूटपाथ पानांच्या खाली, तेव्हा उजेड पोचतो तो कावळ्यांना. दरवर्षी फांद्या छाटून हे सुटत नाही. फूटपाथसाठी चार-पाच मीटर उंचीचे वेगळे, पानांच्या खालून उजेड देणारे खांब हा त्यावरचा सरळ उपाय.

उजेड नीट पडला म्हणजे काम झालं, असंही नाही. थांबायला अंतर लागतं. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 21 मीटर तिथेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 14, एकूण 35. वेग 30 असेल तर हीच बेरीज साडेसतरा मीटरवर येते. डिप्परच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस जेमतेम 25-30 मीटरवरून कळतो. म्हणजे 50 च्या वेगाने चालवणारा चालक कितीही सावध असो, तो उशिराच थांबणार. शिवाय 50 ला धडकेची ऊर्जा 30 च्या पावणेतीन पट असते. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 लोक गेले, त्यांत 32,825 पादचारी होते. वेग कमी करणारा उंचवटा आणि योग्य जागी दिवा या जोडीने करायच्या गोष्टी आहेत, कारण एक थांबायचं अंतर कमी करतो आणि दुसरा दिसण्याचं वाढवतो.

रस्त्याच्या रुंदीचंही असंच आहे. एका बाजूच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर, सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात 50 ने येणारी गाडी सव्वाशे मीटर कापते. मध्ये उभं राहायला सुरक्षित जागा नसेल तर दोन्ही दिशांची मोकळीक एकाच वेळी मिळावी लागते आणि एका दमात ओलांडायचं अंतर दुप्पट होतं. म्हणून दुभाजकात दोन मीटर रुंद, कठड्याचा, उजेडाचा थांबा केला की एक अवघड ओलांडणं दोन सोप्या तुकड्यांत होतं. द्वारका चौकात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला, तरी लोक वरूनच रस्ता ओलांडत राहिले. मला त्यात लोकांची बेशिस्त दिसत नाही. हातात पिशव्या घेऊन जिने उतरा, चढा, तेही आत कोण असेल याची खात्री नसताना. माणूस सरळ वाटच निवडणार; उजेड आणि थांबे त्या वाटेवरच द्यायला हवेत.

सिंहस्थाची कामं निघाली आहेत, तेव्हा तपोवनाकडून रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटांवर हे सगळं बसवायची संधी आहे. पण इथली पायी गर्दी बारा वर्षांनीच येते असं थोडंच? पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या पहाटेच्या अंधारात त्र्यंबकच्या रस्त्याने चालत असतात. वारकऱ्यांचं पांढरं धोतर इथे उपयोगी पडतं, कारण पांढरं कापड अंगावर पडलेला बराचसा उजेड परत फेकतं आणि काळं जाकीट त्याचा जेमतेम विसावा भाग. पण कापड तो उजेड दाही दिशांना उधळतं. परावर्तक पट्टी तो आला तिथे, म्हणजे चालकाकडेच, पाठवते. ती बांधायची कुठे? स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी 1973 मध्ये दाखवलं की अंधारात सांध्यांवरचे मोजके ठिपके हलताना दिसले, तर आपल्याला क्षणात ‘माणूस चालतोय’ हे कळतं. त्यामुळे पट्टी नुसती छातीवर असण्यापेक्षा घोट्यांवर, गुडघ्यांवर आणि मनगटांवर असली, तर माणूस बराच लांबून ओळखू येतो. दिंडीत सगळ्यांना पुरेल एवढी पट्टी नसेल, तर ती आधी शेवटच्या ओळीला बांधावी. मागून येणाऱ्या गाडीला पहिल्यांदा तीच ओळ दिसते.