मूकपटातील अभिनय (मुंबई)

मूकपटातील अभिनय : चित्रपटाला आवाज फुटण्यापूर्वी, म्हणजे १९१३ पासून १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, मुंबईत तयार झालेल्या चित्रपटांतील अभिनयाची रीत. नाट्यशास्त्रकार भरताने अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेश आणि रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा) असे चार प्रकार सांगितले आहेत. मूकपटाने त्यांतला वाचिक काढून घेतला आणि नटाला उरलेल्या तिघांच्या भरवशावर कॅमेऱ्यासमोर उभे केले. वटारलेले डोळे, छातीवर हात आणि भराभर चालणारी माणसे, अशी या अभिनयाची आजची ओळख आहे. ती अन्यायाची आहे. या नटांची खरी कमाई थांबण्यात होती. भाव किती वेळ धरायचा, मान कधी वळवायची आणि कधी काहीच करायचे नाही, याची जाण हा या कलेचा गाभा होता.

गैरसमजाचे मोठे कारण यांत्रिक आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपली जात. बोलपटाबरोबर हा वेग २४ वर पक्का झाला. जुनी फीत नव्या यंत्रावर तशीच चढवली, की सगळे दीडपट वेगाने धावू लागते. नटाने सोळा सेकंद घेऊन केलेले रडणे अकरा सेकंदांच्या आत उरकते, डोळे पुसणारा हात माशी हाकलल्यासारखा दिसतो आणि प्रेक्षक हसतो. तीच फीत योग्य वेगाने पाहिली, तर त्याच नटाच्या हालचालीत वजन दिसते, दोन भावांमधली मोकळी जागा दिसते. वेग अगदी ठरीवही नसे. कॅमेरामनने हँडल हळू फिरवले, तर पडद्यावर मारामारी जलद होई. जोरात फिरवले, तर चाल संथ होई. त्यामुळे नट आणि कॅमेरामन यांची लय जुळणे ही पहिली गरज होती, गायक आणि तबलजीची जुळावी लागते तशी.

मुंबईत हलत्या चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, पण ते रंगमंचावरील नाटकाचेच चित्रीकरण होते. कॅमेऱ्यासाठी म्हणून अभिनय घडवण्याचे काम दादासाहेब फाळके यांनी दादरच्या घरी सुरू केले आणि त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी त्याच कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. नट मिळवण्याची त्यांची धडपड प्रसिद्ध आहे. सिनेमात काम करतो असे सांगितले तर लोक नावे ठेवत, म्हणून नटांनी ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे’ असे सांगावे, असा तोडगा त्यांनी काढला. स्त्रीभूमिकेसाठी मिशी काढायलाही पुरुष तयार होईनात, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ मानले जाई. तमाशातल्या आणि वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना सापडले. त्यांची नाजूक बोटे आणि अंगकाठी पाहून फाळक्यांनी त्यांना तारामती केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र.

याच १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. महाराष्ट्रात नट म्हणजे गळा, असे समीकरण होते. पद पुन्हा घ्यायला लावणारा ‘वन्स मोअर’ ही नटाची मोठी पावती होती. अशा वेळी ज्याला गाता येते की नाही हे कोणी विचारलेच नाही, असा हॉटेलातला माणूस तारामती झाला आणि लोकांनी तिला तारामती म्हणून स्वीकारले. मूकपटाने नटाचे भांडवल गळ्यातून काढून पाठीच्या कण्यात, मनगटात आणि डोळ्यांत नेऊन ठेवले. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये (१९१७) साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आवाज बदलायची सोय नव्हती, म्हणजे सगळा फरक उभे राहण्यात, चालण्यात आणि नजरेत दाखवायचा. सीतेचे दंड जरा पिळदार दिसत, अशी आठवण सांगितली जाते. तरीही गिरगावात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले आणि पडद्यावर राम आला की लोक हात जोडत. दंडाकडे कोणी पाहिले नाही, इतकी पकड त्या देहबोलीत असली पाहिजे.

स्त्रियाही लवकरच आल्या. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) मोहिनी. मोहिनीने नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावणे ही मुळातच मूकपटासाठी घडवल्यासारखी कथा आहे. तिच्यात संवादाची गरजच नाही. एक हात वर जातो आणि दुसरा त्याची नक्कल करतो.

या काळातला अभिनय अगदी जवळून पाहायचा असेल तर ‘कालिया मर्दन’ची (१९१९) सुरुवात पाहावी. कथा सुरू होण्यापूर्वी फाळक्यांनी त्यांची मुलगी मंदाकिनी हिचा नुसता चेहरा दाखवला आहे. सात वर्षांच्या मुलीचा भावदर्शनाचा अभ्यास, अशा अर्थाची अक्षरांची पाटी येते आणि मग ती एकामागून एक भाव करून दाखवते. ना प्रसंग, ना समोर दुसरे पात्र, ना देखावा. एक भाव पुरता मावळल्याशिवाय ती दुसरा उगवू देत नाही. मोठ्या नटांनाही ही मधली घडी सांभाळता येत नाही. हसू ओठांवरून गेलेले असते पण गालांत रेंगाळत राहते. बाप म्हणून फाळक्यांना लेकीचे कौतुक असणारच, पण ही काही मिनिटे कौतुकापुरती नाहीत. चित्रपटात नटाचे खरे साहित्य काय असते, हे ते प्रेक्षकाला आधी दाखवतात आणि मग कृष्णाची गोष्ट सांगतात. बैठकीच्या लावणीत गाणारी जागेवरून न हलता एकाच ओळीवर निरनिराळ्या अदा करते, त्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला हा धडा परका वाटला नसणार.

आहार्य अंगाला, म्हणजे रंगभूषा आणि वेशभूषेला, फितीच्या रसायनाने वेगळेच वळण दिले. त्या वेळची फीत लाल रंगाला आंधळी होती. लाल ते काळे दिसे आणि निळे ते जवळजवळ पांढरे. कपाळावरचे ठसठशीत लाल कुंकू पडद्यावर काळ्या ठिपक्यासारखे उमटे, रंगवलेले ओठ काळवंडलेले दिसत आणि निळे आकाश कोरे जाई. म्हणून चेहऱ्याला फिकट थर देऊन भुवया आणि डोळ्यांच्या कडा गडद कराव्या लागत. डोळे मोठे करून पाहणे हा केवळ नाटकी सोस नव्हता. त्या पांढऱ्या चेहऱ्यावर दुरून वाचता येईल अशी तेवढीच जागा उरे. शिवाय कॅमेरा बहुधा लांब असे आणि माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसे. तेव्हा दुःख नुसते चेहऱ्यावर येऊन भागत नसे, ते खांद्यांत आणि पायांच्या ओढीत दिसावे लागे. चित्रीकरण सूर्यप्रकाशात, उघड्या मंचावर चाले. वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करत, तरी नटाला उजेडाकडे तोंड करूनच उभे राहावे लागे आणि डोळे न मिचकावता करुण दिसावे लागे. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम किती अवघड होत असेल, ते सांगायला नको.

मूकपट म्हणजे शांतता, असेही नव्हते. थिएटरात पेटी-तबला असे, प्रेक्षक मोठ्याने बोलत आणि पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पाट्या इंग्रजी, मराठी आणि हिंदीत होत्या. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा वाचून दाखवी. या पाट्यांनी नटापुढे एक चमत्कारिक अडचण उभी केली. तो ओठ हलवतो, चित्र तुटते, पाटी येते, आणि पुन्हा तो दिसतो तेव्हा भाव तिथेच, तेवढाच तापलेला असावा लागतो. वाक्य संपल्यानंतरचा अभिनय हाच त्याचा खरा अभिनय होता.

हे आकर्षण मुंबईत एवढे फोफावले याचे कारण शहराच्या रचनेत आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातला, घाटावरचा आणि उत्तरेकडचा कामगार एकत्र राबत होता. गिरगाव, काळबादेवी, ग्रँट रोड या भागांत मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान, ज्यू शेजारी राहत होते. मराठी नाटकाला मराठी प्रेक्षक लागे, पारशी नाटकाला उर्दू-गुजराती समजणारा. मूकपटातल्या नटाचे खाली बसलेले खांदे मात्र साऱ्यांना एकसारखेच कळत. तोच न्याय नटांनाही लागू होता. पुण्यात जन्मलेल्या बगदादी ज्यू कुटुंबातल्या रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमाबद्दल विचारले तेव्हा त्यांनी आधी नकार दिला, आणि नंतर ‘सुलोचना’ या नावाने त्या मूकपटाच्या सर्वांत मोठ्या तारका झाल्या. हिंदुस्थानी नीट बोलता येत नाही, ही उणीव पडद्यावर उणीव ठरतच नव्हती. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये (१९२७) त्यांनी आठ रूपे घेतली, त्यांत माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा, केळीवाली आणि गोरी युरोपीय बाईही होती. त्या काळच्या मुंबईच्या रस्त्यावर उभे राहिले तर दिसतील अशीच ही माणसे. प्रत्येकाची चाल वेगळी, वाकणे वेगळे. त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त असल्याची वदंता शहरभर होती.

दुसरी परंपरा कुस्तीच्या तालमीतून आली. कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल महाराष्ट्र फिल्म कंपनीतून मुंबईला आले आणि शारदा कंपनीच्या तलवारबाजीच्या चित्रपटांनी त्यांना लोकांच्या गळ्यातला ताईत केले. दक्षिणेतून आलेल्या एका व्यायामपटूला तर ‘राजा सँडो’ हे नावच जगप्रसिद्ध मल्लावरून पडले. या चित्रपटांना समीक्षकांनी हलके लेखले, ते बरोबर नव्हे. उडी घेण्याआधी अंग आवरून घेणे आणि उडी संपल्यावर तोल सावरून क्षणभर स्थिर उभे राहणे, ही लय आखाड्यातली आहे, आणि पिटातल्या, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागेतल्या, गिरणी कामगाराला तिची पारख होती.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. केनेडी पुलाजवळच्या इंपीरियल कंपनीने त्यात नायक म्हणून विठ्ठल यांनाच घेतले. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला तेव्हा बॅ. जिना यांनी विठ्ठल यांची बाजू लढवली आणि जिंकली. पण त्यांची भाषा बोलपटाला पुरेना, आणि नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवण्याची युक्ती करावी लागली. सुलोचनांनी काम थांबवून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि परतल्या, तरी पहिले दिवस पुन्हा आले नाहीत. पी. जयराज आणि ललिता पवार यांच्यासारखे थोडे कलावंत मूकपटातून येऊन पुढे अनेक दशके टिकले. बाकीच्यांची विद्या काही वर्षांतच निरुपयोगी झाली. ही हानी फारशी कोणी मोजली नाही.

फिती तर त्याहून वाईट रीतीने गेल्या. भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले आणि त्यांतले अगदी मोजके, तेही बरेचसे तुकड्यांत, उरले. नायट्रेटची फीत चटकन पेट घेई, दमट हवेत कुजे, आणि उरलीसुरली चांदी काढण्यासाठी वितळवली जाई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले, तोवर बहुतेक नटांचे काम नाहीसे झाले होते. सुलोचनांची ती आठ रूपे आज वर्णनातच पाहावी लागतात.

तरी या रीतीचा एक धागा वेगळ्याच वाटेने टिकला. गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव (पुढचे भगवानदादा) मुंबईत मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत पडद्यावर आला. कुस्तीचा नाद, कमावलेले अंग, पण मुद्रा साधी. वीस वर्षांनी ‘अलबेला’मध्ये (१९५१) लोकांनी त्यांचा नाच उचलून धरला. हात कोपरात जरासे दुमडलेले, पावले जागच्या जागी, खांदे ठेक्यावर हलतात आणि मध्येच अंग एकदम थबकते. दादर-परळच्या विसर्जन मिरवणुकीत बँजो सुरू झाला की पन्नाशीतला एखादा माणूस अजूनही नेमका तसाच थबकतो, आणि भोवतालची पोरे त्याला जागा करून देतात.