युद्धखेळातील लघुसैनिक आणि नकाशे

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळात, म्हणजेच वॉरगेममध्ये, फौजेच्या तुकड्या दाखवण्यासाठी धातूचे, प्लॅस्टिकचे किंवा रेझिनचे छोटे सैनिक वापरतात आणि लढाईची जमीन नकाशाच्या किंवा उठावाच्या प्रतिकृतीच्या रूपाने टेबलावर उतरवतात. सैनिक रंगवणे आणि जमीन तयार करणे ही दोन्ही कामे बहुतेक खेळाडू स्वतःच करतात. प्रत्यक्ष लढाई एका संध्याकाळी आटोपते, तयारी मात्र महिनोन्महिने चालते, आणि अनेकांचा जीव खेळापेक्षा या तयारीतच अधिक रमतो. दोन्ही कामांच्या मुळाशी अडचण एकच आहे, ती प्रमाणाची. सैनिक ज्या प्रमाणात लहान केला त्याच प्रमाणात मैदान लहान केले, तर ते घरातल्या कोणत्याही टेबलावर मावत नाही. म्हणून एकाच टेबलावर दोन निराळी प्रमाणे नांदवावी लागतात, आणि ती विसंगती पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खुपू न देणे हे या छंदातले खरे कसब आहे.

या खेळाची एक शाखा बुद्धिबळातून, म्हणजे अखेर भारतातल्या चतुरंगातून फुटली. ब्रन्सविकचे गणिती योहान हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून सोळाशेहून अधिक घरांचा पट आखला आणि जमिनीच्या प्रकारानुसार घरांना वेगवेगळे रंग दिले. १८१२ मध्ये गेऑर्ग फॉन राइसविट्झ यांनी प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिश विल्हेल्म याला खेळासाठी खास घडवलेले एक मेज सादर केले. त्यावर नद्या, रस्ते आणि चढउतार दाखवणारे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून दर वेळी नवा प्रदेश रचता येत असे. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हे दिमाखदार मेज बाजूला ठेवून १:८००० प्रमाणाचे स्थलवर्णनात्मक नकाशे वापरले, एक खेळी दोन मिनिटांची ठरवली, निकालासाठी पंच नेमला आणि फाशांच्या आधारे हानी मोजली. त्याचे सैन्य म्हणजे लाल आणि निळ्या रंगाचे धातूचे ठोकळे होते, आणि प्रत्येक ठोकळा त्या तुकडीने जमिनीवर व्यापलेल्या जागेच्या मापाचा होता. नकाशा आणि फौज एकाच प्रमाणात ठेवण्याचा हा सर्वांत प्रामाणिक मार्ग होय. त्याची किंमत एवढीच की पटावर माणूस दिसत नाही.

माणूस आला तो खेळण्यांच्या दुकानातून. न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी अठराव्या शतकापासून कथिलाचे चपटे सैनिक ओतले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांची ३० मिमी उंची जवळजवळ प्रमाणभूत ठरली. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ असे ५४ मिमी उंचीचे सैनिक विकायला सुरुवात केली. पोकळ असल्याने धातू कमी लागे आणि ते स्वस्त पडत. अशाच खेळण्यांवर एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये नियमांचे पुस्तक काढले. त्यात स्प्रिंगच्या तोफेतून खरोखर गोळा मारून शत्रूचे सैनिक पाडायचे असत, त्यामुळे रंगकामाची फिकीर कोणी फारशी करत नसणार. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील जॅक स्क्रूबी यांनी खास युद्धखेळासाठी सैनिक ओतायला घेतले आणि तेव्हापासून खेळण्यातला शिपाई आणि पटावरचा शिपाई यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आज २८, १५, १० आणि ६ मिमी ही मापे विशेष प्रचलित आहेत. ही उंची पायापासून डोळ्यांपर्यंत मोजायची की डोक्याच्या टोकापर्यंत, यावर उत्पादकांत एकमत नाही. त्यामुळे २८ मिमी म्हणून घेतलेले दोन शिपाई शेजारी उभे केले तर एक दुसऱ्याचा थोरला भाऊ वाटू शकतो. मोठ्या मापाच्या सैनिकांची डोकी, हात आणि बंदुका मुद्दाम जाड घडवतात, कारण खऱ्या प्रमाणातली बंदूक दोरा होऊन वाकते आणि तुटते. ६ मिमीच्या गटात अमेरिकी १:२८५ आणि ब्रिटिश १:३०० अशी दोन प्रमाणे आहेत, पण पटावर त्यांतला फरक कळत नाही. हे सैनिक बहुधा एकेकटे न ओतता तीन-चार जणांच्या पट्टीत ओतलेले असतात, आणि खेळाडू त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहतच नाही. त्याला दिसते ती पलटण.

रंगकामाची सुरुवात साफसफाईने होते. साच्याच्या सांध्यावर राहिलेली धातूची कड कानशीने काढतात, सैनिक साबणाच्या पाण्याने धुतात आणि आइस्क्रीमच्या काडीवर ओळीने चिकटवून त्यावर प्रायमरचा, म्हणजे अस्तराच्या रंगाचा, पातळ हात देतात. जुन्या धातूच्या सैनिकांत शिशाचे प्रमाण बरेच असे. १९९०च्या दशकापासून अनेक उत्पादक शिसेविरहित मिश्रधातूकडे वळले, तरी जुना माल घासताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ न देणे आणि काम संपल्यावर हात धुणे आवश्यक आहे. त्यानंतर अंगरखा, पाटलोण, पट्टे, चेहरा असे मूळ रंग भरतात, त्यावर पातळ गडद वॉश सोडतात, जो खाचांत उतरून सावली धरतो, आणि शेवटी उंचवट्यांवर फिका हात फिरवतात. ब्रशावरचा जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकून उरलेला उंच भागांवर घासण्याच्या पद्धतीला ड्रायब्रश म्हणतात. लोकर, साखळी चिलखत आणि घोड्याची आयाळ यांवर ती विशेष खुलते. मोठी फौज रंगवताना एक शिपाई पुरा करून दुसरा घेत नाहीत. सगळ्या पलटणीचे अंगरखे आधी उरकतात, मग सगळ्यांचे पट्टे.

एवढी सावली आणि एवढा उजेड हाताने रंगवण्याचे कारण असे की माणूस लहान करता येतो, प्रकाश लहान करता येत नाही. खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली पडणारी सावली ६ मिमीच्या पुतळ्यावर पडायला जागाच नसते आणि नुसते खरे रंग भरले तर तो हातभर अंतरावरून मळकट ठिपका दिसतो. म्हणून सैनिक जितका लहान तितके रंग उजळ आणि विरोध तीव्र ठेवतात. गणवेशाचा अस्सल गडद निळा लहान सैनिकावर काळाच दिसतो, तेव्हा तो दोन छटा फिका घेतात. काळ्या प्रायमरवर रंगवताना दोन रंगांमध्ये काळी रेघ तशीच सोडली की आकार आपोआप सुटा होतो. ६ मिमीत डोळे कोणी काढत नाही; चेहरा, हात आणि छातीवरचे पांढरे पट्टे एवढ्यावर माणूस उभा राहतो. नवख्यांचा समज असतो की लहान कामाला अतिबारीक ब्रश हवा, पण असल्या ब्रशात रंग टोकाशीच वाळतो. शून्य किंवा एक क्रमांकाचा, टोक नीट जुळणारा सेबल ब्रश अधिक उपयोगी पडतो. निशाणे मात्र प्रमाणाबाहेर मोठी लावतात, कारण पटावर तुकडी ओळखायची ती निशाणावरूनच. सैनिक ज्या चकतीवर किंवा पट्टीवर उभे असतात त्या बैठकीला वाळू आणि पांढरा गोंद लावून तिचा रंग टेबलाच्या जमिनीशी जुळवतात. रंगकाम यथातथा असले तरी सगळ्या फौजेची बैठक एकसारखी असेल तर ती एकाच मुलखातली वाटते, आणि हा या छंदातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नकाशाकडे वळले की प्रमाणाचा प्रश्न आकड्यांतच मांडता येतो. १८० सेंमी लांब आणि १२० सेंमी रुंद टेबलावर १:३०० प्रमाण जमिनीलाही लावले, तर त्यावर जेमतेम ५४० मीटर मैदान बसते आणि नेपोलियनकालीन तोफेचा पल्लाच टेबलाबाहेर जातो. म्हणून जमिनीसाठी, समजा, एक सेंटिमीटरला ४० मीटर म्हणजे १:४००० प्रमाण धरले, तर तेच टेबल ७.२ किमी गुणिले ४.८ किमीचे मैदान होते. आता आठशे जणांची दुहेरी रांगेतली पलटण सुमारे साडेपाच सेंटिमीटर जागा घेते, ती बैठकीच्या रुंदीशी बरी जुळते. पण बैठकीची दोन-तीन सेंटिमीटर खोली नकाशावर शंभर मीटरच्या आसपास होते, आणि खरी रांग तर दोन-तीन मीटर खोल असते. दहा मीटरचे घर १:३०० ने केले की ते ३.३ सेंमीचे होते आणि मैदानावर १३० मीटर अडवते, म्हणून दोन-तीन घरे मांडून त्यांना गाव म्हणतात. वीस मीटर उंचीची टेकडी खऱ्या प्रमाणात पाच मिलिमीटर, म्हणजे शिपायाच्या टोपीच्याही खाली राहते. तेव्हा उंची तिप्पट-चौपट वाढवून फोमचे किंवा थर्माकोलचे थर समोच्च रेषांप्रमाणे कापून एकावर एक चिकटवतात. रस्ता आणि नदी यांची रुंदीही अशीच फुगवावी लागते.

छापील पटावर दुसराच प्रश्न येतो. अमेरिकेतील चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या १९५४च्या पहिल्या खेळात चौकोनी घरे होती आणि १९६१ पासून त्यांच्या कंपनीच्या खेळांत षटकोनी घरे आली. चौकोनात तिरके गेल्यास सरळ चालीच्या १.४१ पट अंतर एकाच घराच्या हिशेबात पदरात पडते. षटकोनाच्या सहाही शेजाऱ्यांची केंद्रे सारख्या अंतरावर असतात. नदी घरातून न्यायची की दोन घरांच्या कडेवरून, हा निर्णय मात्र नकाशा करणाऱ्यालाच घ्यावा लागतो: कडेवरची नदी ओलांडताना अडवते, घरातली नदी आत उभ्या असलेल्या तुकडीलाच भिजत ठेवते.

दोन प्रमाणांची ही तडजोड जुनीच आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांच्या १:६०० प्रमाणाच्या प्रतिकृती करवून घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेक पॅरिसच्या अँव्हालीद येथे आजही आहेत. त्यांत लढणारे सैन्य मांडायचे नसल्याने एकच प्रमाण पुरले. ब्रिटिश अधिकारी विल्यम सायबॉर्न यांनी वॉटर्लूची प्रतिकृती हाती घेतली तेव्हा मात्र दोन प्रमाणे आलीच. त्यांनी १८३० मध्ये रणभूमीवर आठ महिने राहून मोजणी केली, आणि हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांची तुकडी कोठे, कोणत्या रचनेत उभी होती आणि शेतात कोणते पीक होते, हेही विचारले. १८३८ मध्ये लंडनला दाखवलेल्या या प्रतिकृतीत जमीन मैलाला नऊ फूट, म्हणजे जवळपास १:५८७ प्रमाणाची आहे, तर सुमारे ७५,००० कथिली सैनिक साधारण १० मिमी उंच, म्हणजे १:१८० प्रमाणाचे आहेत. प्रशियन फौज त्या घटकेला कुठवर पोहोचली होती यावरून मोठा वाद झाला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना सायबॉर्न यांची मांडणी पसंत नव्हती. ही प्रतिकृती आता लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

त्याच वेलिंग्टनची, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीची, २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई टेबलावर मांडणाऱ्याची चांगली परीक्षा घेते. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात केळना आणि जुई या नद्यांच्या संगमापाशी जमिनीची पूर्वेकडे निमुळती होत जाणारी जीभ आहे. दोन काठांवर समोरासमोर गावे दिसली, म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडण्याजोगा उतार असणारच, या अंदाजाने वेलस्लीने पिंपळगावापाशी केळना ओलांडली आणि तो शिंदे-भोसले यांच्या फौजेच्या बगलेवर आला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन याने दक्षिणेकडे असलेले तोंड पूर्वेकडे वळवून उजवी बाजू केळनेला आणि डावी असई गावाला टेकवली. सारी लढाई दोन नद्यांमधल्या मोजक्या रुंदीवर ठरत असल्याने येथे नदी थोडी जाड काढली की पलटणींना उभे राहायला जागा उरत नाही. गावही तितकेच अवघड आहे. इंग्रजांची ७४ वी पलटण असईच्या बाजूला भरकटली आणि गावातल्या व आसपासच्या माऱ्यात तिची दाणादाण उडाली. मातीची घरे प्रमाणाबाहेर फुगली तर भरकटण्याआधीच ती पलटण गावाच्या वेशीत असते. रंगवणाऱ्याला इथे वेगळीच हौस पुरवता येते: ७४ व्या पलटणीच्या कॉलर-बाह्या पांढऱ्या आणि ७८ व्या पलटणीच्या फिकट पिवळट. ६ मिमीत हा फरक कोणाला दिसत नाही, पण रंगवणारे तो रंगवतातच.

महाराष्ट्रात मुले दिवाळीला अंगणात दगड, विटा, माती आणि गोणपाट यांचा जो किल्ला करतात, त्यात कोणी लढाई खेळत नाही आणि फासेही नसतात. तरी जमीन करणे आणि सैनिक मांडणे ही दोन्ही कामे तिथे आहेत. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणतात, ती आठवडाभरात मावळ्यांच्या कमरेपर्यंत येते. कुंभाराकडचे मावळे, तोफा आणि वाघ ज्याच्या त्याच्या साच्यातून आलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाचे माप वेगळे, आणि माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजी महाराजांची मूर्ती बहुधा शेजारच्या बुरुजाहून उंच असते.